रस्ता खुला झाला, न्यायाचे दार बंद झाले!

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरांचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला आणि नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरांचा मार्ग पुरा झाला. समारंभ झाला, भाषणे झाली आणि ज्यांनी हे प्रचंड काम योजिले त्यांची वाखाणणीही झाली. तीत गैर असे काहीच नव्हते. परंतु याच टप्प्यावर, ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील सरळांबे गावाजवळ, १ ऑगस्ट २०२३ च्या काळरात्री पुलाच्या तुळया उचलून खांबांवर बसविणारे अवजड यंत्र तुळईसकट खाली कोसळले होते आणि त्याखाली सापडून २० जण मृत्युमुखी पडले होते. रस्ता खुला झाल्यानंतर अवघ्या आठ आठवड्यांनी, १ ऑगस्ट २०२५ रोजी, आणखी एक गोष्ट घडली. तिचा मात्र समारंभ झाला नाही. त्या रात्री ठार झालेल्यांच्या सज्ञान वारसांना, ज्यांच्या हयगयीमुळे आपला माणूस गेला असे त्यांना वाटत असेल त्यांच्यावर दिवाणी न्यायालयात नुकसानीचा दावा लावण्यासाठी कायद्याने दिलेली दोन वर्षांची मुदत त्या सुमारास संपली. रस्ता खुला झाला आणि दोन महिन्यांच्या आत न्यायाचे दार बंद झाले!

आम्ही हे एका अपघाताविषयी लिहीत नाही. आमच्या शहराच्या आठवणीही फार लांबच्या नाहीत. २९ जुलै २०१६ रोजी बालेवाडीत बांधकाम चालू असलेल्या इमारतीचा स्लॅब कोसळून ९ मजूर गेले. २९ जून २०१९ च्या रात्री कोंढव्यात संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ माणसे गाडली गेली. ३ फेब्रुवारी २०२२ रोजी येरवड्यात स्लॅबसाठी बांधलेली लोखंडी जाळी अंगावर पडून ५ मजूर ठार झाले. सरळांब्याच्या दुर्घटनेनंतर सहा आठवडेही उलटले नव्हते तोच, १० सप्टेंबर २०२३ रोजी, ठाण्यात बाळकुम येथे बांधकामाची लिफ्ट उंचावरून कोसळून ७ मजुरांचा अंत झाला. ही यादी आणखी लांबविता येईल. पण लांबवून काय साधणार? यांतील प्रत्येक घटनेनंतर वृत्तपत्रांत छायाचित्रे आली, मंत्री घटनास्थळी गेले, चौकशीची घोषणा झाली, कंत्राटदार वा उपकंत्राटदार यांच्यावर गुन्हे दाखल झाले आणि मृतांच्या नातलगांना सानुग्रह मदत जाहीर झाली. मग ते नातलग पेट्या घेऊन बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश वा बंगालच्या गाडीत बसले आणि आमच्या दृष्टीने तो विषय तेथे संपला.

त्यांचा विषय मात्र तेथे सुरू होतो. सरळांब्याच्या मृतांच्या वारसांना राज्य सरकारने ५ लाख रुपये आणि पंतप्रधानांच्या मदतनिधीतून २ लाख रुपये जाहीर झाले. संकटकाळी हात पुढे करणे हे सरकारचे कर्तव्यच आहे आणि त्याला आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु मदत ही देणाऱ्याची दया असते आणि भरपाई हा घेणाऱ्याचा हक्क असतो. दया ज्याच्या हयगयीने मृत्यू ओढवला त्याला एकही प्रश्न विचारीत नाही. हक्क विचारतो. आराखडा कोणी केला, भाराचे गणित कोणी मांडले, ते कोणी तपासले आणि त्या रात्री काम चालू ठेवण्यास कोणी अनुमती दिली, हे प्रश्न ज्या ठिकाणी शपथेवर विचारता येतात ते ठिकाण म्हणजे न्यायालय. तेव्हा एखाद्या मजुराच्या विधवेला त्या ठिकाणी पोहोचता येते की नाही, हाच आमच्यापुढील खरा प्रश्न आहे.

पोहोचण्याचे मार्ग दोन आहेत. पहिला आहे कामगार भरपाईच्या कायद्याचा. १९२३ साली हा कायदा झाला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला; पण त्याचा सांगाडा तोच राहिला आहे. काम करता करता अपघाताने मृत्यू आला एवढे दाखविले की पुरे. दोष कोणाचा हे सिद्ध करावे लागत नाही. हा त्याचा मोठाच गुण होय. रक्कमही गणिताने ठरते: मासिक वेतनाचा अर्धा भाग घ्यावा आणि वयानुसार ठरविलेल्या अंकाने त्यास गुणावे. सरळांब्याची दुर्घटना घडली तेव्हा या हिशेबासाठी वेतन महिना १५,००० रुपयांपेक्षा जास्त धरता येत नव्हते. म्हणजे २५ वर्षांचा कुशल यंत्रचालक महिना ४०,००० रुपये मिळवीत असला तरी त्याच्या जिवाचे मोल ७,५०० गुणिले २१६.९१ म्हणजे १६ लाख २६ हजार ८२५ रुपये इतकेच भरत होते. रक्कम थोडी की फार हा वाद आम्ही क्षणभर बाजूला ठेवतो. महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. हा दावा मालकाविरुद्ध असतो. कंत्राटदार नाहीसा झाला तर ज्याने काम दिले त्या मूळ मालकाला कायदा धरतो. हेही चांगलेच आहे. परंतु ज्या अभियांत्रिकी कंपनीने आराखडा केला, ज्या सल्लागाराने तो तपासून शिक्का मारला, ज्या संस्थेने देखरेखीचे शुल्क घेतले, त्यांच्यापैकी मजुराचा मालक कोणीच नसतो. म्हणून या दारातून आत गेलेल्या विधवेची आणि त्या अभियंत्याची गाठ कधी पडतच नाही.

आजचे मोठे बांधकाम कसे चालते हे आमच्या वाचकांना ठाऊक आहे. एकाची जमीन, दुसऱ्याचे कंत्राट, तिसऱ्याचे उपकंत्राट, चौथ्याचे यंत्र आणि मजूर पुरविणारा मुकादम पाचवा. या सर्वांच्या वर बसून कागदावर जो पूल किंवा इमारत आधी उभी करतो तो अभियंता. मातीचे धारणसामर्थ्य किती, टेकूंवर भार किती, यंत्राचा तोल किती अंशांनी ढळला म्हणजे थांबावयाचे, हे मजुराला कळत नाही, मुकादमाला कळत नाही, पुष्कळदा कंत्राटदारालाही कळत नाही. ते ज्याला कळते त्याला आपण अभियंता म्हणतो आणि कळते म्हणूनच त्याच्या सहीला किंमत देतो. सहीचे शुल्क घेतले की सहीची जबाबदारीही आलीच. सगळ्याच अपघातांत अभियंता दोषी असतो असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पुष्कळदा त्याचा इशारा धाब्यावर बसवून काम रेटले जाते. परंतु तो दोषी आहे की निर्दोष, याची शहानिशाच होऊ नये, ही स्थिती कोणाही प्रामाणिक अभियंत्याला भूषणावह वाटणार नाही.

ती शहानिशा ज्या दुसऱ्या दारातून होऊ शकते ते दार आहे १८५५ च्या प्राणांतिक अपघात अधिनियमाचे. होय, १८५५ चा! इंग्लंडात आगगाड्यांच्या अपघातांत माणसे मरू लागली तेव्हा १८४६ साली तेथील पार्लमेंटने असा कायदा केला. त्यापूर्वी तेथील न्यायाची स्थिती अशी विलक्षण होती की, एखाद्याला जखमी केले तर भरपाई द्यावी लागे, पण ठार केले तर त्याच्या कुटुंबाला काहीच द्यावे लागत नसे. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावल्यानंतर दोनच वर्षांनी, कंपनी सरकारच्या अमदानीत, तो कायदा आपल्याकडे आला. आमच्या पुण्याला यात आणखी एक योगायोग दिसेल. १८५४ साली या शहरात अभियांत्रिकीचे शिक्षण देणारा वर्ग उघडला. आज जे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ म्हणून ओळखले जाते त्याचा तो आरंभ. विद्या आणि कायदा अशी ही दोन भावंडे एका वर्षाच्या अंतराने जन्मली. विद्येने तेव्हापासून धरणे बांधली, बोगदे खणले, समुद्रावर पूल घातले. कायदा मात्र अजून कंपनी सरकारच्याच अंगरख्यात वावरतो आहे.

या दाराशी येणाऱ्या विधवेपुढे कोणत्या अटी उभ्या राहतात ते पाहा. दावा मृताच्या प्रतिनिधीने लावावयाचा. तो पती वा पत्नी, आईबाप आणि मुले यांच्यासाठीच. आणि त्या सर्वांचा व मागणीचा तपशील फिर्यादीत द्यावयाचा. यात वावगे काही नाही. दुसरी अट अशी की, एका मृत्यूबद्दल दावा एकदाच लावता येतो. तिसरी अट, मृत्यूच्या दिवसापासून दोन वर्षांची मुदत. अपिलास उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते. दाव्यास ती सवलत नाही. या दोन अटी एकत्र आल्या म्हणजे काय होते? आज कंत्राटदारावर दावा लावला आणि तीन वर्षांनी चौकशीत निष्पन्न झाले की, दोष आराखड्यात होता. तर अभियांत्रिकी कंपनीवर दुसरा दावा लावता येत नाही. चालू दाव्यात तिला प्रतिवादी करावे म्हटले तर, तिच्यापुरता दावा ती सामील झाली त्या दिवशी सुरू झाला असे मुदतीचा कायदा मानतो आणि तोवर मुदत टळलेली असते. आधी तिचे नाव राहिले ही चूक प्रामाणिक होती असे न्यायालयाला पटले तरच सुटका. म्हणजे, जी गोष्ट तज्ज्ञांच्या चौकशीलाही लवकर सापडत नाही ती मजुराच्या पत्नीने दोन वर्षांच्या आत जाणली पाहिजे!

ती तिने कोठून जाणावी? नकाशे, भाराची गणिते, तपासणीच्या नोंदी, यंत्राच्या देखभालीची वही, सल्लागारांचा पत्रव्यवहार, हे सारे कागद ज्यांच्यावर दावा लावावयाचा त्यांच्याच कपाटात असतात. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, पण तो सार्वजनिक प्राधिकरणांपुरता. खाजगी कंपनीचे कपाट त्याने उघडत नाही. सरकारी दप्तरातील कागद मागावेत तर तपासाला बाधा येईल अशी माहिती नाकारण्याची मुभा त्याच कायद्यात आहे आणि तपास चालू आहे एवढ्या उत्तरावर अर्ज बोळविणे सोपे असते. फौजदारी प्रकरणाच्या कागदांचा एक झरोका नव्या नागरिक सुरक्षा संहितेने १ जुलै २०२४ पासून उघडला आहे. वकील दिलेला असेल तर आरोपपत्राची प्रत आरोपीबरोबर पीडितालाही द्यावी, असे ती सांगते. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु आरोपपत्रच मुदतीनंतर आले तर त्या प्रतीचा दिवाणी दाव्याला काय उपयोग?

आता ठिकाणाची गोष्ट. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे असा दावा जेथे अपकृत्य घडले तेथे किंवा प्रतिवादी जेथे राहतो अथवा धंदा करतो तेथेच लावावा लागतो. वादी कोठे राहतो याला महत्त्व नाही. कटिहारच्या खेड्यातील बाईने पुण्याच्या न्यायालयात तारखेस यावे. एका तारखेला दोन दिवसांचा प्रवास, बुडालेली मजुरी, पाठीशी लहान मूल आणि न्यायालयात आल्यावर कळावयाचे की पुढची तारीख पडली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही म्हण आपण विनोदाने वापरतो. येथे ती कायद्याचे कलम होऊन बसली आहे. मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते ती वेगळीच. नादार म्हणून दावा लावण्याची सोय आहे आणि विधी सेवा प्राधिकरणांच्या १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना मोफत वकील मिळण्याचा हक्कही आहे. पण हा हक्क आहे हे तिला सांगावयाचे कोणी? प्रेत ताब्यात देताना जो अधिकारी तिचा अंगठा घेतो, तो तर हे सांगत नाही.

आणि या प्रकरणात महापालिकेच्या अधिकाऱ्याची हयगय असेल तर? परवानगी कोणी दिली, पाहणी कोणी केली, हे प्रश्न निघणारच. तेथे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे ४८७ वे कलम आडवे येते. अधिनियमाच्या अंमलबजावणीत केलेल्या वा करण्याच्या उद्देशाने केलेल्या कृत्याबद्दल महापालिकेवर किंवा तिच्या नोकरावर दावा लावावयाचा तर आधी एक महिन्याची लेखी नोटीस दिली पाहिजे आणि दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत लागला पाहिजे. मुंबईच्या १८८८ च्या कायद्यातही ५२७ व्या कलमाने हेच सांगितले आहे. म्हणजे अभियांत्रिकी कंपनीसाठी दोन वर्षे, महापालिकेसाठी सहा महिने आणि दावा मात्र एकच! ज्या घराचा कर्ता गेला त्या घरात सहा महिने तर नुसते सावरण्यात जातात.

एवढ्यावर हे संपत नाही. पहिले आणि दुसरे अशी दोन्ही दारे एकदम उघडता येत नाहीत. भरपाईच्या कायद्याखाली मागणी केली की नुकसानीचा दावा चालत नाही. आणि मालकावर वा अन्य कोणावरही नुकसानीचा दावा लावला की भरपाईचा हक्क जातो, असा त्या कायद्याचा बंध आहे. मालकाकडून दुहेरी वसुली होऊ नये हा त्यातील हेतू समजण्यासारखा आहे. परंतु परिणाम काय होतो? घरात चूल पेटविण्यासाठी जी बाई निश्चित रकमेच्या दाराशी जाते, तिला अभियंत्याला प्रश्न विचारण्याचे दार कायमचे मिटण्याची भीती. गंमत अशी की, भरपाई भरणाऱ्या मालकाला मात्र, ज्या तिऱ्हाइताच्या दोषाने अपघात घडला त्याच्याकडून ती रक्कम वसूल करण्याचा हक्क १९२३ च्या त्याच कायद्याने दिला होता. मालक आणि अभियांत्रिकी कंपनी यांनी आपसांत हिशेब चुकते करावे. ज्या घरातील माणूस गेला त्या घराने तेवढे दूर उभे राहावे!

हे सारे अटळ आहे काय? ज्यांना तसे वाटते त्यांनी मोटार अपघातांचा कायदा पाहावा. रस्त्यावर अपघात झाला म्हणजे पोलिसांनी तपास करता करताच तीन महिन्यांच्या आत अपघाताचा अहवाल दावा न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा आणि न्यायाधिकरणाने तो अहवालच भरपाईचा अर्ज समजावयाचा, अशी त्यात तरतूद आहे. अर्जदार ज्या गावी राहतो तेथील न्यायाधिकरणातही अर्ज करता येतो. त्या व्यवस्थेतही उणिवा आहेत आणि तिच्या अंमलबजावणीत तर पुष्कळच आहेत. परंतु तत्त्व काय आहे ते ध्यानी घ्यावे. ज्याचे माणूस गेले त्याने पुरावा हुडकीत फिरू नये. पुरावा ज्याच्या हाती आहे त्या राज्यसंस्थेने तो न्यायासनापुढे ठेवावा. तेव्हा समृद्धी महामार्गावरून गाडीने जाताना जो मरेल त्याच्या वारसासाठी पोलिसांचा कागद आपण होऊन न्यायाधिकरणाकडे चालत जातो. आणि तोच महामार्ग बांधताना जो मेला त्याच्या वारसाने कटिहारहून चालत यावे! रस्त्यावरून जाणारा आणि रस्ता बांधणारा यांच्या मरणात असा भेद करण्याचे कारण कोणी सांगू शकेल काय?

यावर अभियंत्यांच्या बाजूने एक आक्षेप येईल आणि तो क्षुल्लक नाही. असे दार सताड उघडले तर प्रत्येक अपघातानंतर, दोष असो वा नसो, प्रत्येक नामवंत अभियंत्याला न्यायालयात खेचले जाईल. त्याची अब्रू टांगली जाईल. अखेर कोणी शहाणा माणूस अवघड कामावर सही करण्यास धजणार नाही. या भीतीवर इतर देशांनी उपायही शोधले आहेत. अमेरिकेतील टेक्सास राज्यात २००३ पासून असा कायदा आहे की, अभियंत्याच्या व्यावसायिक कामाबद्दल त्याच्यावर दावा लावावयाचा तर फिर्यादीसोबतच दुसऱ्या परवानाधारक अभियंत्याचे प्रतिज्ञापत्र जोडले पाहिजे आणि त्यात चूक कोणती व तिला आधार काय हे मांडले पाहिजे. ते नसेल तर दावा काढून टाकला जातो आणि पुन्हा लावण्यासही मनाई होऊ शकते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात डॉक्टरांवरील खाजगी फौजदारी तक्रारींसाठी, दुसऱ्या जाणकार डॉक्टराच्या मताचा आधार असावा, असे सांगितले आहे. तेव्हा आपल्या अभियंत्यांनाही अशी चाळणी हवी असे कोणी म्हटले तर त्यात अन्याय नाही.

आम्हालाही चाळणी मान्य आहे. निराधार दावे गाळले जावेत; त्यात न्यायालयांचा वेळ वाचेल आणि सज्जनांची अब्रूही वाचेल. पण चाळणीत दाणे घालण्याआधी ते वादीच्या हाती तर आले पाहिजेत! टेक्सासच्या पद्धतीचे वर्म येथेच आहे. प्रतिज्ञापत्र दावा लावतानाच हवे. म्हणजे प्रतिवादीचे कागद न्यायालयामार्फत मागविता येण्यापूर्वीच हवे. ज्याच्याजवळ पैसा आणि वकील आहे तो तज्ज्ञ गाठील. आमच्याकडील मजुराच्या विधवेने कोणता अभियंता गाठावा आणि त्याला कोणता नकाशा दाखवावा? आपल्याच व्यवसायबंधूविरुद्ध मत देण्यास किती अभियंते पुढे होतील, हाही प्रश्न आहेच. वास्तुविशारदांसाठी १९७२ साली कायदा झाला, त्यांची परिषद झाली. अभियंत्यांसाठी तसा सर्वदेशीय कायदा कित्येक दशके मसुद्यातच घोळत राहिला. जेथे व्यवसायाची शिस्त पाहणारी संस्था बळकट असते तेथे चाळणी शोभते. जेथे ती नसते तेथे चाळणीची भिंत होण्यास वेळ लागत नाही.

म्हणून आमची सूचना अशी आहे. बांधकामावर मृत्यू घडला की पोलिसांनी व सुरक्षा निरीक्षकांनी तीन महिन्यांच्या आत अपघाताचा अहवाल भरपाईच्या प्राधिकाऱ्याकडे आणि जिल्हा न्यायालयाकडे पाठवावा; त्यात आराखडा करणारा, तो तपासणारा आणि देखरेख ठेवणारा, या तिघांची नावे असावीत आणि नकाशे, गणिते व नोंदवह्या यांच्या प्रती जोडाव्यात. त्या अहवालाची प्रत वारसाला त्याच्या भाषेत व विनामूल्य मिळावी आणि दाव्याची दोन वर्षे मृत्यूपासून नव्हे, तर ही प्रत हाती पडल्यापासून मोजावी. महापालिका वा सरकारी संस्था प्रतिवादी असल्यास मुदत तीच असावी. वारस जेथे राहतो तेथील न्यायालयात दावा लावता यावा. भरपाईची रक्कम घेतल्याने अभियांत्रिकी कंपनीविरुद्धचा दावा बुडू नये. तेथे मिळालेली रक्कम येथे वजा करावी म्हणजे दुहेरी लाभाचा प्रश्न उरणार नाही. आणि अभियंत्यांना हवी ती चाळणीही असावी. पण तज्ज्ञ विधवेने शोधू नये. सीओईपी व व्हीजेटीआय यांसारख्या सरकारी छत्राखाली वाढलेल्या विद्यासंस्थांतील अध्यापकांचे मंडळ नेमावे आणि त्याने कागद पाहून साठ दिवसांत प्राथमिक मत द्यावे. ज्याचा दोष दिसत नाही तो अभियंता तेथेच मोकळा व्हावा. ज्याचा दिसतो त्याने उत्तर द्यावे.

हे दिल्लीचे काम आहे, असे सांगून मुंबईतील सत्ताधाऱ्यांनी हात झटकू नयेत. दिवाणी प्रक्रिया, दाव्याची मुदत आणि दावायोग्य अपकृत्ये हे विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहेत. राज्य विधिमंडळाला या कायद्यांत दुरुस्ती करता येते; केंद्रीय कायद्याशी विसंगती आली तर राष्ट्रपतींची अनुमती मिळवावी लागते, इतकेच. महापालिकांचे कायदे तर सर्वस्वी राज्याच्या हातात आहेत आणि सहा महिन्यांची ती मुदत उद्याच्या अधिवेशनातही बदलता येईल. विधी सेवा प्राधिकरणाचा एक वकील दुर्घटनेच्या दिवशीच रुग्णालयात पाठवून वारसांना त्यांचे हक्क समजावून देण्यासाठी तर कायदाही नको. एक आदेश पुरे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणत आलो. ज्याला न चढताही जगता येते त्याच्यासाठी हा उपदेश ठीक आहे. परंतु ज्यांच्यासाठी त्या पायरीवाचून दुसरा आधारच नाही त्यांना पायरीही चढता येऊ नये इतकी ती उंच करून ठेवणे, हे कोणत्या शहाणपणात बसते? आम्ही मध्यमवर्गीय माणसे ज्या घरांत राहतो, ज्या मेट्रोने कामावर जातो, ज्या महामार्गाने चार तास वाचवितो, त्यांची किंमत आम्ही रुपयांत मोजली आहे आणि हप्त्यांनी फेडीतही आहोत. त्या किमतीत सरळांब्याच्या, कोंढव्याच्या आणि येरवड्याच्या माणसांचा वाटा अजून चुकता व्हावयाचा आहे. तो दयेने चुकता होणार नाही. ज्यांच्या सह्या त्या बांधकामांच्या कागदांवर आहेत त्यांना शपथेवर प्रश्न विचारण्याचा हक्क त्यांच्या घरच्यांना मिळेल तेव्हाच तो चुकता होईल. पुढच्या पुलाची तुळई चढण्यापूर्वी हा हक्क द्यावा, एवढीच आमची मागणी आहे.